बांधाखालच्या तिसऱ्या

कारवदांड्याच्या जमिनीचा निकाल तिसऱ्यांच्या पाठीवर लिहिलेला आहे, असं पंधरा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर गावाने त्याला वेड्यात काढून दोन दिवस हसून घेतलं असतं. तिसऱ्या म्हणजे खायची वस्तू. चिखलातून काढायच्या, धुवायच्या, ओल्या खोबऱ्यात परतायच्या आणि शिंपल्या अंगणाच्या कडेला फेकून द्यायच्या. पण काळ असा काही फिरला, की सरकारी कचेरीतल्या नकाशांपेक्षा त्या फेकलेल्या शिंपल्यांना भाव आला.

भानगड अशी होती. समुद्र चढत होता, हे आता बालवाडीतल्या पोरांनाही पाठ होतं. म्हणून किनाऱ्यासाठी नवा नियम आला. जी जमीन वर्षाकाठी साठ तासांहून जास्त वेळ भरतीच्या पाण्याखाली जाते, तिथे बैठी घरं ठेवायची नाहीत. तिथे खोल खांबांवर उंच इमारती बांधायच्या आणि खालचे दोन मजले पाण्याला मोकळे सोडायचे. साठ तासांच्या आतली जमीन मात्र आहे तशीच राहील. कारवदांड्याची एकशे चाळीस घरं आणि त्यांच्यापुढचं मासे वाळवायचं खळं साठच्या आत की बाहेर, हे कागदावर ठरायचं होतं. एका बांधकाम कंपनीने तर चोवीस मजल्यांच्या सहा इमारतींचा आराखडा तयारच ठेवला होता. प्रत्येक घरामागे वर एक फ्लॅट.

गावात दोन तट पडायला वेळ लागला नाही. तरुण म्हणत, दर पावसाळ्यात चिखल तुडवण्यापेक्षा अठराव्या मजल्यावरून खाडी बघू. म्हाताऱ्या विचारत, खाडी बघायची असते की तिच्यात उतरायचं असतं? ग्रामसभेत कंपनीच्या माणसाने पडद्यावर इमारतींची रंगीत चित्रं दाखवली. सगळं बघून झाल्यावर सुगंधा चोगले उठून उभी राहिली.

"बोंबील लिफ्टनं वर न्यायचं का?" तिने विचारलं. "आनि वास येतो म्हनून शेजारीन भांडाया आली, त मी वालत कुठं घालू?"

सभा हसली. कंपनीचा माणूसही हसला. मग त्याने पडदा गुंडाळायला घेतला.

सुगंधा अठ्ठावन्न वर्षांची. नवरा बारा वर्षांपूर्वी वादळात होडीसकट गेला. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातून तीन आठवडे घरी. ओहोटीला तिसऱ्या काढायच्या, खळ्यावर सुकट घालायची, बाजाराला पाटी न्यायची, असं तिचं आयुष्य. तिसऱ्या काढणाऱ्या बायकांची ती म्होरकी होती, कारण चिखलात कुठे पाय टाकावा आणि कुठे टाकू नये हे तिच्याइतकं कुणाला कळत नसे. जमीन गेली असती तर तिच्या हातात फ्लॅटची किल्ली आली असती आणि पायाखालचं सगळं गेलं असतं. म्हणून तिला साठचा आकडा रात्रंदिवस डोळ्यांपुढे दिसायचा.

पण पाणी किती तास येतं हे ठरवायचं कसं? भरती मोजायचं सरकारी यंत्र होतं चौदा किलोमीटर दूर, बंदरावर. खाडी म्हणजे काही सरळ नळ नव्हे. प्रत्येक वळणावर पाणी आपल्या मर्जीने चढतं आणि आपल्या मर्जीने उतरतं. कारवदांडा आणि खाडी यांच्यामधल्या बांधाशी वर्षानुवर्षं उभं राहून कुणी तास मोजले नव्हते. तिसऱ्यांनी मात्र मोजले होते, आणि हे पहिल्यांदा ओळखलं ते ओवी सरदेशमुखने.

ओवी पुण्याहून आली तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. नावामागे डॉक्टर, पायात नवेकोरे गमबूट. पहिल्याच दिवशी ती कमरेपर्यंत चिखलात रुतली आणि सुगंधाने तिला काखेत हात घालून बाहेर ओढलं. गमबूट चिखलातच राहिले, ते अजून तिथेच असतील. संध्याकाळपर्यंत ओवी सुगंधाच्या पडवीतल्या खोलीत भाड्याने राहायला आली होती, आणि दुसऱ्या महिन्यात तिला डेंग्यू झाला तेव्हा सुगंधाने भाडं घेणंच बंद केलं. अकरा दिवस ती पोरीच्या उशाशी बसली, भाताची पेज भरवत. बरी झाल्यावर ओवी तिला मावशी म्हणायला लागली, आणि अहोजाहो कधी सुटलं ते दोघींनाही कळलं नाही.

ओवीचं यंत्र मिठाईच्या मोठ्या खोक्याएवढं होतं. शिंपला कापून त्याची पातळ चकती आत सरकवायची, आठ मिनिटं थांबायचं आणि पडद्यावर त्या तिसरीचं चरित्र वाचायचं. बायकांनी त्याचं नाव ठेवलं 'तलाठीण'. जमिनीचं खरंखोटं सांगते ना, मग दुसरं काय म्हणायचं!

"तिसरी पाण्याखाली असते तेव्हाच तोंड उघडते, खाते आणि वाढते," ओवीने एकदा सगळ्याजणींना अंगणात बसवून सांगितलं होतं. "ओहोटीला उघडी पडली की तोंड मिटून गप्प. वाढ थांबते. त्या थांबण्याची एक बारीक काळी रेघ शिंपल्यात राहते. परत भरती, परत वाढ, परत रेघ. दिवसाला दोन भरत्या, म्हणून दोन रेघा. दोन रेघांमधला पट्टा रुंद असेल तर पाणी जास्त वेळ थांबलं, अरुंद असेल तर लवकर गेलं."

"आनि भांगाला?" सुगंधाने विचारलं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती मुळातच कमी चढते.

"तेव्हा बांधाखाली पाणी पोचतच नाही. तिथल्या तिसऱ्या ते दिवस उपाशीच काढतात. म्हणून बारक्या राहतात."

बांधाच्या पायथ्याशी पाणी किती वेळ टिकतं ते एकदा कळलं, की बांधाची आणि अंगणांची उंची मोजून गावात वर्षाला किती तास पाणी शिरेल याचं गणित मांडता येत होतं. शिवाय तलाठीण आणखी एक गोष्ट सांगायची. पावसाळ्यात वरून नदीचं गोडं पाणी येतं, त्यातला ऑक्सिजन समुद्राच्या पाण्यातल्यापेक्षा किंचित हलका असतो. तो शिंपल्यात उतरतो. बांधाकडच्या तिसरीत ही खूण ठळक उमटते, खाडीच्या मुखाकडच्या तिसरीत पुसट, कारण तिथे समुद्र तिला धुऊन काढतो.

"म्हंजे ही भवानी माहेर कुठला ते पन सांगते!" सुगंधा म्हणाली, आणि ओवी हसून हसून खांबाला टेकली.

सरकारने कारवदांडा हे यंत्राच्या परीक्षेचं पहिलं गाव म्हणून निवडलं. बांधाखाली लाल चिंधी बांधलेल्या सहा काठ्या रोवल्या. प्रत्येक काठीपाशी चाळीस तिसऱ्या काढायच्या, आकडा घातलेल्या पिशवीत भरायच्या आणि सील करायच्या. ओवीला त्या दिवशी अचानक मंत्रालयात बोलावणं आलं. जाताना तिने पिशव्या सुगंधाच्या हातात दिल्या.

"तुझ्याशिवाय कुणावर सोपवणार, मावशी?"

पौष पौर्णिमेच्या मागेपुढे मोठी ओहोटी होती. सुगंधा, तिची धाकटी जाऊ पुष्पा आणि आणखी चौघी सकाळी बांधाखाली उतरल्या. पहिल्या काठीपाशी चिखल उपसला आणि जे हाताला लागलं ते बघून पुष्पाने नाक मुरडलं. नखाएवढ्या, काळपट, कडा झिजलेल्या तिसऱ्या. एकीची तर पाठच वाकडी.

"ह्या द्यायच्या? मुंबईला, सायबाच्या टेबलावर?" पुष्पा म्हणाली. "कारवदांड्याची हीच काय ती मासली, असं वाटंल त्याला."

सुगंधालाही लाज वाटली. आता यात कुणाला लबाडी दिसेल, तर त्याने कोळणीच्या घरी एकदा जेवून यावं. घरचे करपलेलं खातील, पण पाहुण्याच्या ताटात उतरेल तो भरलेला मासा. सरकार तर पाहुण्याहून पाहुणं. त्यात पोरीच्या परीक्षेचा दिवस. मोठ्या शिंपल्यावर रेघा स्पष्ट दिसतात, असं ओवीच कधीतरी म्हणाली होती. मग सहाजणी मैलभर चालत मुखाकडे गेल्या आणि तिथल्या रसरशीत, पांढऱ्याशुभ्र, तळहातावर मावणार नाहीत अशा दोनशे चाळीस तिसऱ्या वेचून आणल्या. एकेक निवडून, धुऊन, पुसून. काळ्या बारक्या होत्या त्या परत चिखलात टाकल्या.

पिशव्या सील करताना सुगंधाचा ऊर भरून आला होता. आपण पोरीसाठी काहीतरी केलं, असं तिला वाटलं.

दीड महिन्याने ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागला. कारवदांडा, भरतीबाधा, वर्षाला एकशे बारा तास. जमीन उंच इमारतींच्या वापरासाठी योग्य. हरकती असल्यास जनसुनावणीत मांडाव्यात.

सुगंधाने तो आकडा तीनदा वाचला. गेल्या वर्षात तिच्या अंगणात पाणी आलं होतं ते मोजून सात-आठ वेळा, दर वेळी तीन-चार तास. फार तर बत्तीस तास! हे एकशे बारा आले कुठून? घरी येऊन ती भाताला आधण ठेवायला गेली आणि चुलीपाशीच तिच्या ध्यानात आलं. मुखाकडे पाणी सदानकदा असतं. तिथल्या तिसऱ्या पोटभर खातात. तलाठिणीने खोटं काही सांगितलं नव्हतं. तिने मुखाचे तास सांगितले होते आणि सरकारने ते गावाच्या नावावर मांडले होते.

ओवी पडवीत लॅपटॉप उघडून बसली होती. सुगंधाने तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, एक शब्द न लपवता. सांगताना तिला रडू आवरेना.

"माजी चूक, पोरी. मी बदलल्या. मना काय ठावं..."

ओवी ओरडली नाही. दचकलीही नाही. तिने सुगंधाचा हात हातात घेतला.

"मावशी, तू हे कुणाशी बोलू नकोस," ती म्हणाली. "उगाच बायकांवर बालंट यायचं. सुनावणीत मी सांगते. नमुने पुन्हा घ्यावे लागतील म्हणते."

"नक्की?"

"नक्की."

त्या शब्दावर सुगंधा पंधरा दिवस शांत राहिली. खळ्यावर बायका हमरीतुमरीवर यायच्या, फ्लॅटवाले आणि खळंवाले एकमेकांच्या दारावरून जाईनासे झाले, पुष्पाचे दोन्ही मुलगे कंपनीच्या कचेरीत जाऊन मजला निवडून आले. सुगंधा मनात म्हणायची, भांडा लेकांनो, शुक्रवारी ओवी उभी राहिली की सगळं निवळेल.

शुक्रवारी सकाळी अकराला शाळेच्या सभागृहात सुनावणी सुरू झाली. जिल्ह्याहून आलेला अधिकारी पन्नाशीचा, शांत माणूस होता. प्रत्येकाचं ऐकून घेत होता, लिहवून घेत होता. ओवीला बोलावलं. ती उभी राहिली. निळा कुर्ता, केस घट्ट बांधलेले. तिने टेबलावर यंत्र मांडून शिंपल्याचं शास्त्र सांगितलं, रेघांची चित्रं दाखवली आणि एकशे बारा हा आकडा वाचून दाखवला. मग ती खाली बसली.

सुगंधाला वाटलं, पोर विसरली. तिने दुसऱ्या रांगेतून खूण केली. ओवी समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

तेव्हा सुगंधा स्वतःच उठली.

"सायेब, त्या तिसऱ्या बांधाखालच्या नव्हत्या. आमी मुखावरच्या दिल्या. बऱ्या दिसाव्या म्हनून दिल्या. बांधाखालच्या बारक्या होत्या, लाज वाटली. आकडा गावाचा नाय, मुखाचा हाय."

सभागृहात एकदम गलका झाला. अधिकाऱ्याने हात वर करून तो थांबवला आणि ओवीकडे वळून विचारलं, "डॉक्टर, नमुना दुसऱ्या जागेचा असेल तर यंत्राला कळतं का?"

"कळतं," ओवी म्हणाली. "गोड्या पाण्याच्या खुणेवरून जागा ओळखता येते."

"मग या नमुन्यांबद्दल काय कळलं?"

ओवीने टेबलावरच्या पेल्यातून पाण्याचा एक घोट घेतला. तो सुगंधाला दिसला, कारण आजारपणात त्याच गळ्याखाली एकेक घोट उतरताना तिने मोजला होता.

"नमुने बांधाखालचेच आहेत," ओवी म्हणाली. "सुगंधाबाईंचा काहीतरी गैरसमज होतोय."

सुगंधाबाई! खोटं बोललेलं एक वेळ सोसलं असतं. पण दोन वर्षं एका ताटात जेवलेली पोर तिला चारचौघांत सुगंधाबाई म्हणाली. आणि त्याच क्षणी सुगंधाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गोडी पुसट असते मुखाकडे. तलाठीण माहेर सांगते. म्हणजे पहिल्या शिंपल्यापासून, पहिल्या आठ मिनिटांपासून ओवीला ठाऊक होतं. सुगंधा तिच्यापुढे बसून रडली त्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणूनच ती दचकली नव्हती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"आत्ता एक काढून आनते बांधाखालची," ती ओरडली. "आठ मिन्टं लागतात फक्त! मशीन हितंच हाय!"

"सील नसलेला नमुना मला घेता येत नाही, बाई," अधिकारी म्हणाला. त्याच्या आवाजात तुसडेपणा नव्हता. "तुमच्यासोबत आणखी कोण होतं? त्यांनी सांगावं."

सुगंधा वळली. पाचहीजणी तिसऱ्या रांगेत ओळीने बसल्या होत्या. तिने एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. एक पदराशी चाळा करत होती, एकीला अचानक खोकला आला. पुष्पा उठली.

"आमी काठीपाशीच काढल्या, सायेब," ती म्हणाली, आणि सुगंधाकडे न बघता खाली बसली.

दोष तरी किती द्यायचा तिला? खरं बोलली असती तर गावातल्या बायकांनी सरकारला फसवलं असं पेपरात आलं असतं, आणि मुलांनी निवडलेला मजलाही गेला असता. पण सुगंधाला त्या वेळी हे काही सुचलं नाही. पंचवीस वर्षं एका चुलीवर रांधलं होतं दोघींनी.

अधिकाऱ्याने तिची हरकत शब्द न् शब्द लिहून घेतली, तिच्या सहीसकट. मग तो म्हणाला, "नियमात एक सोय आहे. समोरच्या काठाची पडताळणी होते. एकाच खाडीचे दोन काठ, पाणी एकच. खारपालीचा आकडा वेगळा आला तर कारवदांड्याची फाईल पुन्हा उघडावी लागेल. जुळला, तर विषय संपला."

खारपाली हे सुगंधाचं माहेर. तिच्या छातीत पुन्हा थोडी धुगधुगी आली.

बाहेर आल्यावर ओवीने तिला शाळेच्या विहिरीपाशी गाठलं. डोळे लाल झाले होते.

"मावशी, ऐक ना माझं. पहिल्याच गावात यंत्र बंद पडलं असतं ग. नमुने बदलले गेले, शास्त्रज्ञ जागेवर नव्हती, असं झालं असतं तर मला परत कुणी उभं केलं नसतं. आणि आकडा आज खोटा असेल, पण तीस वर्षांनी तो खरा होणारच आहे. मी हिशेब केलाय. तीस वर्षांनी तुझ्या अंगणात एकशे बारा तास पाणी असेल. तेव्हा रडत निघण्यापेक्षा आता नीट घरं मिळतायत. मी तुमचं वाईट नाही केलं."

"तीस वर्सांनी," सुगंधा म्हणाली.

"हो. फार तर पस्तीस."

"ती तीस वर्सं आमची होती, पोरी. दर्या आला असता त आमी आपून मागं सरलो असतो. तो काय चोरून येत नाय. उधानाला येतो, आधी कलवतो, उंबऱ्याला पाय लावतो, परत जातो. मानसाला उमजाया येल देतो. तू आमाला येल दिलास का?"

ओवी रडू लागली. मान खाली, ओठ दाताखाली, डेंग्यूच्या तापात रडली होती तशी. सुगंधाचा राग त्या रडण्यापुढे लटपटला. एकतीस वर्षांची पोर, एकटी, वर मोठमोठे साहेब बसलेले. घाबरली असेल. घाबरलेलं माणूस खोटं बोलतं, त्यात काय नवल?

"खारपालीला काय करनार तू?" तिने विचारलं.

"मी मंगळवारी जाणार आहे. तिथे मी कशालाच हात लावणार नाही. त्या बायका देतील ते मशीनमध्ये घालीन, येईल तो आकडा देईन. तुझी शपथ, मावशी."

संध्याकाळी पडवीतली खोली रिकामी झालेली दिसली. ओवीने सामान गाडीत घालून तालुक्याच्या विश्रामगृहावर नेलं होतं. उंबऱ्यावर चावी ठेवली होती आणि घडी करून ठेवलेली सुगंधाचीच गोधडी.

शनिवार-रविवार सुगंधाशी गावात कुणी बोललं नाही. नळावर तिच्या पुढची बाई हंडा अर्धाच भरून निघून गेली. गावाची अब्रू सरकारपुढे उघडी केली म्हणून खळंवाले चिडलेले, आणि फ्लॅट घालवायला निघाली म्हणून फ्लॅटवाले. दोन्ही तट पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमताचे झाले होते. सुगंधाने ते मुकाट गिळलं. खारपालीच्या बायकांनी खरे नमुने दिले की आपोआप सगळ्यांची तोंडं बंद होतील, असा तिचा हिशेब होता. फक्त त्यांना जाऊन सांगायला हवं होतं. नाहीतर त्याही कोळणीच, त्याही पाहुण्याच्या ताटात बरंच वाढणार.

सोमवारी सकाळी ती तरीने पलीकडे गेली. भाऊ होडी घेऊन गेलेला. भावजय जिजा आणखी तिघीचौघींबरोबर अंगणात जवळा निवडत बसली होती. नणंद अवचित आलेली बघून जिजा लगबगीने उठली, पाणी दिलं, चहाला टाकायला निघाली. सुगंधाने तिला पदर धरून खाली बसवलं.

"चा नको. आधी माजं ऐका. लाज सोडून सांगते हाय." आणि तिने सांगितलं. काठ्या, बारक्या तिसऱ्या, मुखाची पायपीट, सुनावणी, सगळं. "म्हनून उद्या ती डॉक्टरीन येईल तवा तिला बांधाखालच्याच द्या. काल्या, वाकड्या, असतील तशा. बऱ्या द्याल त तुमचं बी खलं जाईल नि आमचं बी."

जवळा निवडणारे हात थांबले. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं.

"उद्या कशाला?" जिजा म्हणाली. "ती त शनवारीच येऊन गेली गो. दिल्या आमी."

"कुठल्या?"

"मुखावरच्या."

सुगंधाने डोळे मिटले. "तुमाला पन लाज वाटली काय गो बारक्या द्यायला?"

"नाय गो," जिजा म्हणाली. "आमी बांधाखालच्याच काढल्या होत्या, पिशव्या भरून ठेवल्या होत्या. तीच बोलली, ह्या नकोत. मुखाकडं मोठ्या असतात त्या द्या, वाचाया बऱ्या पडतात."

सुगंधा पुढ्यातला जवळा निवडायला लागली. जिजाला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही.

"आमी कवा परक्या बाईला मुखाची जागा दाखवली हाय काय?" ती समजावत म्हणाली. "पन ती बोलली, मी कारवदांड्याच्या सुगंधा मावशीची पोर. तिच्या हातची पेज पिऊन जगलेय. तुजं नाव घेतलं, म्हनून त सगल्या उठलो आमी. होडीतून नेली तिला. येताना जेवून पन गेली."

कारवदांड्याहून निघताना सुगंधाच्या मनात एकच गोष्ट उरली होती, की पोर घाबरली होती. त्या एका गोष्टीच्या आधारावर ती दोन दिवस जेवली होती, झोपली होती. घाबरलेलं माणूस खोटं बोलतं, पण होडीत बसून, दुसऱ्याच्या माहेरी जाऊन, त्याच्याच नावाने जेवून येत नाही. भीती नव्हती ती. दोन्ही काठांचे आकडे जुळायला हवे होते, आणि ते जुळवायला सगळ्यात स्वस्त गोष्ट सुगंधाचं नाव, हे त्या पोरीने नीट मोजलं होतं. सुगंधाने पदर कमरेला खोचला.

"जिजा, पाटी घे. ओहोटी अजून दोन तास हाय."

"कशाला?"

"बांधाखालच्या काढू. सरपंचाला बोलवा, मास्तरला बोलवा, सगल्यांच्या पुढं पिशव्या बांधू आनि मी सोता नेते जिल्ह्याला. घेतील न घेतील."

जिजा उठली. बाकीच्या बसूनच होत्या. त्यांच्यातली एक हळूच म्हणाली, "पन शनवारी त तुज्याच पोरीला दिल्या ना. आता ती परत आली, त तिला काय सांगायचा?"

सुगंधाने भिंतीला टेकवलेला तिसऱ्या काढायचा विळा उचलला.

"मना पोरगी नाय गो," ती म्हणाली. "एक पोरगा हाय, तो बोटीवर असतो. एवढंच सांगा तिला."